गालाखालचं गुलाबी मेण

"माझ्या नाकाकडे बोट दाखव."

बाई कुणालाही भेटल्या की त्यांचं पहिलं वाक्य हे. मोठ्या माणसाकडे बोट रोखू नये, हे आपल्याला लहानपणीच चापट मारून शिकवलेलं असतं, त्यामुळे समोरचा माणूस गडबडायचा. मग बाई दटावायच्या, "अरे, दाखव! दोन्ही डोळे उघडे ठेव आणि दाखव." तो बिचारा बोट पुढे करायचा. बाई एक डोळा मिटून, बोट त्याच्या कोणत्या डोळ्यासमोर येतं ते बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "उजवा. तुझा मालक डोळा उजवा, नेम त्याचाच." किंवा, "डावा! आणि लिहितोस उजव्या हाताने? तरीच तुझा नेम चुकतो." त्याने आयुष्यात कधी नेम धरलेला नसायचा. तो आलेला असायचा दाढ काढायला.

बाई आमच्या कर्जतच्या दातांच्या डॉक्टर. बाजारपेठेत त्यांचा दवाखाना आणि त्याला लागून माझं औषधांचं दुकान. मधली भिंत म्हणजे नुसती म्हणायला भिंत. पलीकडून बाई "आ कर" म्हणाल्या की अलीकडे काउंटरवर उभं असलेलं माझं गिऱ्हाईक तोंड उघडायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, खोटं नाही सांगत.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला दोन भलतेच छंद असतात आणि दोन्हींत तो सारखाच बुडालेला असतो. बाईंचा एक छंद सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, खिचडी. दुसरा बंदूक. वडिलांच्या काळात घरात जोडनळी होती, त्या बंदुकीवर बाई शिकल्या. पुढे शिकारी बंद झाल्या आणि बाई मातीच्या तबकड्यांवर आल्या. खालापूरच्या पुढे माळावर एक रेंज आहे. तिथे खड्ड्यातल्या यंत्रातून तबकडी भर्रकन हवेत सुटते आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यांनी फोडायची असते. सत्तरी उलटली तरी बाई दर रविवारी तिथे जायच्या. कुणी म्हणालं, "बाई, आता या वयात?" तर म्हणायच्या, "या वयात भजनाला बसले असते तर विचारलं असतंस का? तिथेही गुडघे दुखतातच."

आता माझं सांगते, त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

सगळ्यांनी मास्क काढले त्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी चूळ भरली आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून गळून गेलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. उजवा डोळा मिटेना, उजवा ओठ हलेना. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, येईल परत. बरंचसं परत आलं, सगळं नाही आलं. हसले की तोंड डावीकडे जायचं. उजवा डोळा पूर्ण मिटायचा नाही आणि सारखा पाझरायचा. उजवा गाल चपटा पडला, त्याला हात लावला तर परक्याचा वाटायचा.

मी मास्क काढलाच नाही. औषधांचं दुकान, कुणी विचारलं तर सांगायचं, आजारी माणसं येतात ना हो. लग्नाला गेले नाही, बारशाला गेले नाही. बेसिनवरचा आरसा काढून माळ्यावर टाकला. ह्यांनी काही दिवस आरशावाचून दाढी केली, हनुवटी कापून घेतली आणि शेवटी मोबाईल समोर धरून करायला लागले. चांगला माणूस आहे, पण गप्प बसण्याखेरीज त्यालाही काही सुचत नव्हतं.

अशात एका शनिवारी बाई दुकानात आल्या. "उद्या मला रेंजवर सोड. गुडघा सुजलाय, क्लच दाबवत नाही."

"बाई, ड्रायव्हर मिळेल की."

"ड्रायव्हर गाणी लावतो. तू बोलत नाहीस, तू बरी."

गेले. पळसदरीच्या बाजूने खोपोली, तिथून खालापूर. माळावर वारा, समोर डोंगर, माणसं दूरदूर उभी आणि प्रत्येकाच्या कानावर आवाज अडवायची बोंडं. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळे हवेत बघतात. मला वाटलं, अगं बाई, ही तर माझीच जागा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी बाईंनी क्लबची बंदूक माझ्या हातात दिली, शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घे. नुसती बघत बसलीस तर डोळे येतील."

मी बंदूक डाव्या खांद्याला लावली. उजव्या हाताने लिहिणारी, उजव्या हाताने पोळ्या लाटणारी मी, तिथे मात्र डावखुरी झाले. उजवा डोळा पाझरणारा, उजवा गाल मेलेला, मग त्या बाजूला लाकूड कशाला टेकवायचं? मनात दुसरंही होतं. बंदूक डाव्या गालाशी धरली, की डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला मास्कच्या वरची माझी फक्त चांगली बाजू दिसायची. मी रांगेत नेहमी उजवं टोक पकडायचे.

रेंजवर यंत्र सोडायला धर्मामामा होते, तिथल्याच पाड्यावरचे. तबकडी गेली की निकाल तेच द्यायचे. माझा निकाल ठरलेला.

"नाय फुटली."

दुसरी.

"नाय फुटली गं, बाय."

पाचव्या-सहाव्याला आवाजात कळवळा यायचा. "जरा वरून गेली. आमी काय बोलनार, पन नाय फुटली."

महिनोन्महिने हेच. कधी चुकून एखादी फुटली तर मामांनाच माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटायचं. तरी मी जात राहिले. रविवारची वाट बघायला लागले, हेच किती होतं. बाई बाजूला उभ्या राहायच्या आणि एवढंच विचारायच्या, "टेकला का गाल?" मी म्हणायचे, टेकला. त्या काही बोलायच्या नाहीत. आणि एक गोष्ट मला खुपायची. कर्जत ते खोपोली सगळ्या गावाला नाकाकडे बोट दाखवायला लावणाऱ्या बाईंनी मला एकदाही लावलं नव्हतं.

नेमबाज म्हणून परवाना काढायचं ठरलं, तेव्हा चौकशीला हवालदार दुकानात आले. "बंदूक कशाला ओ वहिनी? दहिवलीत वाघ आलाय का काय?"

मी म्हटलं, "मातीच्या थाळ्या फोडायला."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "घरातल्या संपल्या वाटतं," म्हणाले आणि सही घेऊन गेले.

परवाना हातात आला तेव्हा दसरा तोंडावर होता. मग काय, ह्यांना स्फुरण चढलं. आपल्याकडे स्कूटर घ्यायची तर दसरा, फ्रीज घ्यायचा तर दसरा, आणि हे तर साक्षात शस्त्र! "खंडेनवमीला देवापुढे ठेवू, दसऱ्याला रेंजवर नेऊ." पुण्याच्या दुकानदाराला ह्यांनी फोन केला. त्याच्याकडे डावखुऱ्यांसाठी दस्ता, म्हणजे खांद्याला-गालाला टेकणारं लाकूड, वळवलेली एक वापरलेली ओव्हर-अंडर होती. एकीवर एक नळी, पोटावर चांदीसारखी नक्षी, नक्षीत उडणारे पक्षी. फोटो पाहूनच मी पाघळले. डावा दस्ता म्हणजे माझा निर्णय लाकडातच पक्का झाला असता. पुन्हा त्या उजव्या गालाशी काही देणंघेणं नको. खरं सांगायचं तर मी बंदूक घ्यायला निघालेच नव्हते, लपायची कायमची सोय घ्यायला निघाले होते.

बाई पुण्याला सोबत आल्या. ह्यांनी पेढ्यांचा पुडासुद्धा घेतला होता.

दुकानात शिरल्याशिरल्या बाईंनी दुकानदाराला बोट दाखवायला लावलं. "उजवा. ठीक." मग त्याने ती बंदूक आणली, उघडून दाखवली, नळ्या रिकाम्या आहेत ते दाखवलं. बाईंना ओव्हर-अंडर आवडायची ती एवढ्यासाठीच. म्हणायच्या, "ही मधून मोडली की उघड्या तोंडासारखी. आत काय आहे ते साऱ्या गावाला दिसतं. बंद तोंडाची बंदूक आणि बंद तोंडाचा पेशंट, दोघांचा मला भरवसा नाही."

"वहिनी, आज बुक करा," दुकानदार म्हणाला, "कागदपत्रांचं बघतो, दसऱ्याला घरी."

ह्यांनी पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडायला घेतली.

"थांबा," बाई म्हणाल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मास्क काढ."

"बाई, इथे?"

"इथे. आणि माझ्या नाकाकडे बोट दाखव."

दुकानदार, त्याचे दोन नोकर, एक गिऱ्हाईक, सगळे बघत होते. राग आला, खोटं कशाला बोलू. भर दुकानात काय हे! पण बाईंना नाही म्हणायची सवय कर्जतमध्ये कुणाला नाही. मास्क काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवले, तसा उजवा उघडाच असायचा, आणि बोट दाखवलं.

बाईंनी एक डोळा मिटला. मग दुसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदा करायला लावलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "उजवा."

"काय उजवा?"

"मालक डोळा. तुझा जो डोळा मिटत नाही ना पोरी, तोच मालक आहे. इतके महिने तू मालकाला घराबाहेर उभं करून भाडेकरूला विचारून नेम धरतेयस. फुटेल कशी?"

"पण तो गाल..." माझा हात गालाकडे गेला.

"गालाचं मी बघते. दातांची डॉक्टर आहे, गालाच्या आत हात घालण्यातच जन्म गेला माझा." मग दुकानदाराकडे वळल्या. "नक्षी फार सुंदर आहे. ठेवून द्या. आम्ही दागिना बघायला आलो नाही. उजव्या दस्त्याच्या दाखवा."

मग दुपारभर मी बंदुका उचलल्या. बाईंची एकच रीत. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. (माझा एकच मिटायचा, त्यावरही त्या म्हणाल्या, "अर्धं काम वाचलं.") मान वाकवायला लागली, तर ती नको. हात लांबवायला लागला, तर ती नको. एक फार जड होती. ह्यांचं म्हणणं, जड असलेली बरी, आयुष्यभर टिकेल. "शाळेचा गणवेश घेताय का वाढत्या अंगाचा?" बाई म्हणाल्या. "हिची उंची आता वाढायची नाही. डाव्या हातात धर गं. भरली कढई धरल्यासारखं मनगट तुटतंय? मग ठेव."

शेवटी एक साधी निघाली. नक्षी नाही, दस्त्यावर ओरखडे, नळ्या मध्यम लांबीच्या. खांद्याला लावली आणि ती आपणहून समोर बघायला लागली. फक्त गालापाशी पोकळी राहत होती. माझा चपटा गाल लाकडावर खोल बुडायचा आणि डोळा नळीवरच्या पट्टीखाली जायचा.

"हीच," बाई म्हणाल्या. "पेढे काढा आता."

अर्थात कागदपत्रं व्हायला वेळ लागला आणि दसऱ्याला घरात बंदूक नव्हती. ह्यांनी कात्री आणि स्कूटर पुजली आणि फुगलेल्या तोंडाने श्रीखंड खाल्लं.

बंदूक आली त्या दुपारी बाईंनी दवाखाना बंद ठेवला. नळ्या स्वतः तपासल्या, उजेडाकडे धरून मला तपासायला लावल्या, काडतुसांचा खोका घरीच आहे याची खात्री करून घेतली. मग कवळीचं गुलाबी मेण काढलं. तुमच्यापैकी कुणी कवळी बसवली असेल तर आठवेल, पक्की करायच्या आधी ती मेणात बसवून बघतात. ते मेण बाईंनी दिव्यावर मऊ केलं आणि दस्त्याच्या वरच्या कडेवर लावलं.

"आरशासमोर उभी राहा."

दवाखान्यात भिंतभर आरसा होता, पेशंटला नवे दात दाखवायला. मी पाठ केली.

"अगं, तुझ्याकडे कोण बघायला सांगतंय? बंदुकीकडे बघ. आरशातल्या पट्टीच्या वर डोळा दिसला पाहिजे, एवढंच सांग मला. दिसतो का?"

बघावं लागलं. कितीतरी दिवसांनी मी माझं तोंड पाहत होते, आणि तेही नळीच्या टोकावरून. उतरलेली भुवई, पाझरणारा डोळा, खाली आलेला ओठ.

"दिसतो का?"

"अर्धा दिसतो."

त्यांनी आणखी मेण लावलं. अंगठ्याने दाबलं. "टेकव गाल. आता?"

"थोडा कमी."

पुन्हा मेण, पुन्हा अंगठा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. पहिल्यांदा मी रडत होते, मग रडणं थांबवून "जरा डावीकडे, बाई" असं सांगायला लागले. शेवटी डोळा पट्टीवर येऊन बसला, पूर्ण, गोल, ओला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी इतका वेळ स्वतःचं तोंड बघतेय आणि मला काही झालेलं नाही.

"टेकला का गाल?"

"टेकला." आणि खरंच कळत होता. मेण अजून कोमट होतं. त्या परक्या गालाला ती ऊब कळत होती.

परत निघताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना? मग एवढे महिने का बोलला नाहीत?"

"तू आपणहून मास्क काढशील म्हणून वाट बघत होते. मग डावा दस्ता घ्यायला निघालीस. म्हटलं, आता गप्प बसले तर पाप लागेल." मग म्हणाल्या, "भर दुकानात बोलले ते मात्र वाईट झालं. पण तुझा नवरा पेढे वाटायला लागला होता गं!"

पुढच्या रविवारी धर्मामामांनी मला उजव्या खांद्याला बंदूक लावताना पाहिलं आणि खड्ड्यातून ओरडले, "बाय, उलटी धरलीस!"

"सुलटी धरलीय," बाई ओरडल्या. "तू सोड रं!"

पहिली नाही फुटली. दुसरी नाही फुटली. तिसऱ्या वेळी मी गाल टेकवला, मेण लागलं, डोळा आपोआप समोर गेला आणि हवेत तबकडीचा काळा धूर झाला.

मामांनी यंत्रावरचा हात काढला. मग खड्ड्यातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "फुटली गं!"

चौथीही फुटली. मी बंदूक उघडली, रिकामी केली आणि वळून बाईंकडे बघून हसले. तोंड गेलं डावीकडे, जाऊ दे. मास्क गाडीतच राहिला होता.

बाईंनी जवळ येऊन माझं तोंड निरखून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. म्हणाल्या, "वर डावीकडे दातांवर कीट चढलंय. सोमवारी ये, साफ करू."

त्या दिवशी सोड्याची खिचडी आम्ही तिघांनी गाडीच्या बॉनेटवर खाल्ली. मामांनी दुसऱ्यांदा घेतली.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. शेवटी इस्पितळात होत्या, तेव्हा मी डबा घेऊन जायचे. सुई लावायला आलेल्या डॉक्टरला त्या म्हणाल्या, "बाळा, माझ्या नाकाकडे बोट दाखव." त्याला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मी म्हटलं, दाखवा हो, नाहीतर त्या हात देणार नाहीत. त्याने दाखवलं. "डावा," बाई म्हणाल्या, "त्या बाजूने ये, शीर लगेच सापडेल." सापडली. त्यावर त्या अशा खूश झाल्या, जशा नेमबाजीत चांदीचा कप मिळाल्यावरही झाल्या नसतील.

मेण कायमचं नव्हतं. बाई म्हणायच्या, मेणात बसलं की लाकडात करून घे, उन्हाने वितळेल. मीच टाळत होते; उन्हात मऊ पडलं की त्याच पुन्हा दाबून द्यायच्या. त्या गेल्यावर मात्र उन्हाळ्याची धास्ती वाटली आणि खोपोलीच्या एका सुताराकडे दस्ता तेवढा वेगळा करून नेला. त्याला बजावलं, मेणाचा आकार जस्साच्या तसा लाकडात हवा, तसूभर फरक नको.

त्याने माझा शब्द पाळला, जरा जास्तच पाळला. मेणावर एका जागी बाईंचा अंगठा रुतून खळगा पडला होता. त्याला वाटलं, तोही मापातलाच. त्याने तो लाकडात कोरला, वर घासून पॉलिशही केलं. मी घ्यायला गेले तर म्हणाला, "ताई, हा खड्डा करायला लय वेळ गेला. कशासाठी असतो ओ?"

मी म्हटलं, "लागतो."

दर रविवारी मी आता एकटी जाते. आरसा बेसिनवर परत लावलाय, ह्यांची हनुवटी वाचली. रांगेत मिळेल त्या जागी उभी राहते. काडतुसं भरते, बंदूक मिटते, खांद्याला लावते. गाल खाली येतो आणि बरोबर त्या खळग्यात बसतो. लाकूड गार असतं. माझ्या उजव्या गालाला ते गार कळतं.

खड्ड्यात मामा वाट बघत असतात. तबकडी मागायच्या आधी मी एक शब्द बोलते. शेजारच्या नव्या पोरांना वाटतं, ही बाई स्वतःशीच पुटपुटतेय. मामांना माहीत आहे. तेही थांबतात तेवढं.

"टेकला, बाई."